मला अजून कोणी पाडलेलं नाही

३ मार्च, सोमवार

सातवीत खो-खोच्या सामन्याआधी परब बाई मला म्हणाल्या होत्या, "संपदा, तू उठूच नकोस. तू नुसती बस." मी बसले. आज उठले.

आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये ज्युदोच्या मोठ्यांच्या बॅचला नाव घातलं. सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी सात. कारणं: पाठ, हाडं, शिस्त. ऋतिका एक जूनला भोपाळच्या स्पोर्ट्स हॉस्टेलला जाते आहे आणि उत्तम सरांच्या हाताखाली या बॅचला तीच शिकवते, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

यतीनला सांगितलं. म्हणाला, "मेडिक्लेम रिन्यू केलाय मी." नवऱ्याचा पाठिंबा हा असा आडून असतो.

५ मार्च, बुधवार

ड्रेस मिळाला. घोंगडीसारखा जाड. माझा पट्टा पांढरा, ऋतिकाचा तपकिरी.

क्लासमध्ये ऋतिका मला म्हणाली, "तुम्ही जरा मागे उभ्या राहा, काकू." काकू! शेजारची दिव्या, बँकेत आहे, अंगाने काडी, हळूच म्हणाली, "तुमची मुलगी ना ती?" मी म्हटलं, प्रोफेशनल आहे.

आज नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, मागे गडगडायचं, हात मॅटवर सपकन आपटायचा. मी बाजूला बसून निरीक्षण केलं. पडायला काय, कोणालाही येतं.

१२ मार्च, बुधवार

आज सासाए. पूर्ण नाव जपानी आणि लांबलचक आहे, सरसुद्धा अर्धंच घेतात. ऋतिकाचा हा खास डाव. समोरच्याची बाही आणि कॉलर धरायची. तो पाऊल पुढे टाकतो, त्या पायाच्या घोट्यापुढे आपला तळवा लावायचा. पाय अडतो, वरचं अंग येतच राहतं, ते आपण दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं फिरवायचं. माणूस आपोआप जातो. मला बघताक्षणी समजलं.

केलं. दिव्या "आई गं" म्हणून खाली बसली. पहिल्याच दिवशी पाडलं!

उत्तम सर घोडबंदरचे. आजोबांची मिठागरं होती. आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. ओरडले, "अगो बाय, लाथ घातलीस तू तिला! पाय मारायचा न्हाय, ठेवायचा हाय! पानी काय लाथेनं अडतं? बांध घालावा लागतो. आनि पानी येतंय तवाच. गेल्यावर काय अडवतेस?"

भाषा रांगडी आहे. पण एकूण रोख असा की सुरुवात आश्वासक. दिव्याला बाम दिला.

१९ मार्च, बुधवार

घरी सराव. ओढणी खिडकीच्या ग्रिलला बांधली, ती बाही. डायनिंगची खुर्ची हा समोरचा माणूस. खुर्ची पडली, पुन्हा पडली. खालच्या हंसाबेन वर आल्या. "संपदाबेन, ऊपर रोज क्या गिरता है?" मी म्हटलं, गिरता नहीं, मैं गिराती हूँ. त्या आत डोकावल्या. "किसको? यतीनभाई ठीक छे ने?"

यतीनभाई तेव्हा ठीक होते. नंतर दुधाची पिशवी घेऊन दारातून आत येत होते. समोरचा पुढे येत असतानाच अडवायचं, हे सरांचं वाक्य आठवलं आणि मी वेळ अचूक साधली. पिशवी गेली. यतीन उभाच. म्हणाला, "सांगून तरी कर ना गं." सांगून केलेला डाव हा डाव नसतो.

ऋतिका दूध पुसता पुसता म्हणाली, "आई, तू पायाकडे बघतेस. पायाने नाही पाडायचं. पाय फक्त तिथे असतो. पाडतात हात." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी आपणहून एवढं बोलली. परिणाम दिसू लागला.

२८ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट आज लक्षात आली, आणि ती लहान नाही. मला अजून कोणी पाडलेलं नाही.

दिव्याने किती प्रयत्न केले. जितेशने केले, तो नव्वद किलोचा असेल. मी दोन्ही मुठींनी समोरच्याचा ड्रेस आवळते आणि गुडघ्यात दबून अशी उभी राहते की शेवटी तेच कंटाळतात. जितेश म्हणाला, "आंटी, आप तो पेड हो." ही जन्मजात ताकद आहे. परब बाईंना दिसली नाही.

सर म्हणाले, "ही पडत न्हाय, चिकटते." हेवा.

क्लासच्या शेवटी इथे एक पद्धत आहे. सगळे रांगेत उभे राहतात आणि ऋतिका एकेकाला सासाएने पाडते. बक्षीस असल्यासारखं. पाडताना समोरच्याची बाही सोडत नाही, वर ओढून धरते, म्हणून त्याचं डोकं आपटत नाही. जितेशसारखा जितेश सायीसारखा खाली उतरतो आणि हसत उठतो. माझी पाळी आली की म्हणते, "तुम्ही राहू द्या." तिला माहीत आहे, मी पडणार नाही. सर्वांसमोर तिची फजिती नको म्हणून मीही आग्रह करत नाही.

९ एप्रिल, बुधवार

ऋतिकाची विभागीय स्पर्धा जवळ आली. जेवताना तिला सांगितलं, सासाए करताना तुझा डावा हात किंचित उशिरा येतो. यतीनला ठसका लागला. ती आमटी-भात संपवून उठली आणि कानात हेडफोन घातले. विचार करत असावी.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळ

शांतपणे लिहिते.

प्रेक्षकांनी ओरडायचं नसतं हे मला माहीत आहे. मी ओरडले नाही, सूचना दिल्या. "ऋतिका, डावा हात!" सरांनी कोचच्या खुर्चीतून मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दुजोरा. फायनल होती, ऋतिका पुढे होती. मग वसईच्या मुलीने तिला खेचलं, दोघी धाडकन आल्या, आणि ऋतिका उठली नाही. म्हणजे लगेच उठली नाही. कोपर धरून पडून होती. मी मॅटवर कशी पोहोचले ते आठवत नाही. हातात लिंबूपाण्याची बाटली होती. पायात चप्पल होती.

ज्युदोत मॅटवर चप्पल म्हणजे देवघरात चप्पल. मला हे पाठ आहे. पण चप्पल नवी होती, रस्त्यावर फारशी वापरलेली नव्हती.

रेफरीने सगळं थांबवलं. ऋतिका म्हणाली, "आई, मी फक्त श्वास घेत होते." सरांना खुर्चीवरून उठवून बाहेर पाठवलं. माझ्यामुळे, असं कोणी म्हणालं नाही. सगळे फक्त बघत होते. उरलेल्या वेळात वसईच्या मुलीने तिला पाडलं. सिल्व्हर.

रिक्षात मी म्हटलं, चांदी काही वाईट नाही. काशीमिऱ्याच्या सिग्नलला ती म्हणाली, "आई, तू मला पडू का देत नाहीस?"

प्रश्नच कळला नाही. पाडलं वसईच्या मुलीने. मी तर उचलायला गेले होते. उन्हाचा परिणाम असावा.

२३ एप्रिल, बुधवार

अबोला नाही. विचारलं तर उत्तर देते. हो. नाही. ठेव तिथे.

योजना केली. अठरा मेला माझी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. सासाए स्वच्छ करून दाखवायचा. तिला दिसेल की आईला खेळ कळतो, आई काही अडाणीपणाने मॅटवर आली नव्हती. मग ती बोलेल. मग मे महिन्याचे उरलेले दिवस आम्ही गप्पा मारू. योजनेत खोट सापडत नाही.

परीक्षेत स्वतः पडूनही दाखवावं लागतं म्हणे. त्याचा सराव उद्यापासून.

२५ एप्रिल, शुक्रवार

उद्यापासून.

९ मे, शुक्रवार

हॉलमध्ये गादी टाकून पडण्याचा सराव केला. आधी आडवं व्हायचं, मग हात आपटायचे. अशा पद्धतीने अचूक जमतं. उभ्याने करायला गेले की मागे काही नाही असं वाटतं. म्हणजे गादी असते. तरी वाटतं.

ऋतिका दारात उभी राहून बघत होती. वाटलं, काही सांगेल. पाणी पिऊन गेली.

तिच्या कपाटातला एक कप्पा रिकामा झालाय. कप्पे पुसून घेतले. पुसायला झालेच होते.

१८ मे, रविवार

परीक्षा झाली.

माझा सासाए. दिव्या पुढे आली, मी पाय ठेवला, मारला नाही, ठेवला! पण मग हातांचं काय करायचं ते आठवेना. आम्ही दोघी तशाच उभ्या. दिव्या चांगल्या घरची मुलगी आहे, ती आपणच पडली. परीक्षक म्हणाले, "मॅडम, ही स्वतःहून गेली."

मग माझी पडण्याची पाळी. दिव्याने सुरेख डाव टाकला. माझा पाय अडला, मी पुढे निघाले, आणि मी तिला धरलं. बाही, कॉलर, शेवटी मान. दिव्या वाकली, मी तिला लटकलेली, ना खाली ना वर. परीक्षक म्हणाले, "सोडा मॅडम." मी म्हटलं, सोडते. बोटं उघडेनात. "सोडा ना." सोडतेय. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

ऋतिका टेबलापाशी घड्याळ लावून वेळ मोजत होती. ती उठून आली. खाली बसली आणि दिव्याच्या बाहीतून माझी बोटं सोडवली. एकेक. लहानपणी मी तिच्या मुठीतून खडू सोडवायचे तशी. एप्रिलनंतर पहिल्यांदा तिचा हात माझ्या हाताला लागला. गरम होता.

निकाल: परीक्षेला पुन्हा बसावं लागेल. परब बाई कुठे असतील देव जाणे.

२१ मे, बुधवार

सर क्लासनंतर म्हणाले, "बस गो जरा." वडापाव खात होते, अर्धा मला दिला. म्हणाले, "जो पडत न्हाय ना, त्याला पाडता बी येत न्हाय. पडनारा कुठनं कसा जातो ते तुझ्या अंगाला ठावंच न्हाय, मंग हात फिरवशील कसे? आनि तुझी पोर बाही धरून ठेवते ती कशापायी? थांबवायला? न्हाय गो. नीट पडावा म्हनून धरते."

सर आज बरंच अवांतर बोलले. चटणी तिखट होती.

२४ मे, शनिवार

बाहीबद्दल विचार केला.

नाही केला.

३० मे, शुक्रवार

ऋतिकाचा इथला शेवटचा क्लास. शेवटी रांग. तिने सगळ्यांना पाडलं, दिव्या पडली आणि उठून तिच्या गळ्यात पडून रडली. मग मी. मी हात सैल ठेवले होते. शपथेवर सांगते, सैल होते. ती समोर आली, माझी बाही धरली, माझ्याकडे बघितलं. मग सोडली. "आई, तू राहू दे."

आई म्हणाली. क्लासमध्ये.

घरी येऊन यतीनला विचारलं, ती मलाच का नाही पाडत? मी पडणार नाही म्हणून ना? तो कांदा चिरत होता. म्हणाला, "अगं, तू धरतेस. तू धरलंस की तीही येते खाली, तुझ्या अंगावर. तुझी पाठ जाईल म्हणून घाबरते पोरगी. तू मॅटवर गेलीस ना तेव्हा घाबरून? तसंच." आणि कांद्याने डोळे पुसायला लागला. कांदा मी नेहमीचाच आणला होता.

मला अजून कोणी पाडलेलं नाही हे खरं आहे. ते जन्मजात आहे असं मी लिहिलं होतं. तेवढं खोडते.

१ जून, रविवार. सकाळी ६

गाडी दुपारची. बॅग दाराशी. यतीन रिक्षा ठरवायला गेलाय, एवढ्या लवकर, काहीतरी करायला हवं म्हणून.

ऋतिका उठली आहे. ब्रश करतेय. मी हॉलमध्ये गादी टाकली, टीपॉय सरकवला, बांगड्या काढल्या. हंसाबेनना कालच सांगून ठेवलं की सकाळी एक आवाज येईल. त्या म्हणाल्या, "एक ही ना?" एकच.

ती नाही म्हणणार. म्हणेल, "आई, आज नको." म्हणेल, "पाठ जाईल तुझी." बरोबरच आहे तिचं, मीही नाहीच म्हटलं असतं. सासाए मला येत नाही. पडायलाही येत नाही. ती बाथरूममधून आली की बोलायचं एवढंच ठरवून ठेवलंय, विसरू नये म्हणून लिहिते:

ऋतिका, जायच्या आधी मला एकदा पाड. मी धरणार नाही. बाही तेवढी तू धर.