आधी मतदान, मग ब्लँकेट

३ डिसेंबर, सकाळ
मुख्याध्यापिका निवृत्त झाली म्हणजे तिचं डोकंही निवृत्त झालं, असा सूनबाईचा समज आहे. तो आजपासून खोटा. लढाईत घरदार सोडून आलेली माणसं बंद गिरणीच्या गोदामात राहतात. परदेशी संस्थेने त्यांच्यासाठी ब्लँकेट्स पाठवली आहेत, आणि सोबत लोकशाही. छावणीने आपली समिती आणि तिचा प्रमुख निवडायचा, समितीने ब्लँकेट्स वाटायची. निवडणूक घ्यायचं काम माझं. सामानाच्या खोलीची किल्ली साखळीत ओवून गळ्यात घातली आहे.
संकल्प: कोणावरही ओरडायचं नाही.

४ डिसेंबर
ओरडले. नाइलाज होता. गुप्त मतदानावर बोलत होते, तर अर्धे पेंगत होते आणि उरलेले ब्लँकेट्स कधी, एवढंच विचारत होते. एक शिंपीणबाई आहे, मी तिला तोफ म्हणते (मनात). ती म्हणे, हात वर करून आत्ताच काय ते उरका, रात्री फरशी बर्फ होते. मी सांगितलं, चांगल्या सवयी घाईत लागत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटमध्येही सकाळी गार पाण्यानेच तोंड धुवायला लावायचे. मेलो नाही.

६ डिसेंबर
मतदान झालं. तोफ निवडून आली. मतदान रद्द केलं.
कारणं: बायका घोळक्याने आल्या. रांगेत कुजबुज. एकाने मतपत्रिकेवर फूल काढलं. तोफेविरुद्ध उभे असलेले टपालखात्यातले निवृत्त मास्तर, शांत, इस्त्रीचा शर्ट, मला योग्य वाटत होते, याचा इथे संबंध नाही. प्रश्न शिस्तीचा आहे.
संस्थेच्या साहेबांचा फोन आला. वयाने माझ्या नातवाएवढे. म्हणाले, मॅडम, थंडी वाढते आहे, ब्लँकेट्स आधी वाटलीत तरी चालेल, नियम इतका कडक नाही. मी म्हटलं, नियम नसेल, मी आहे.

८ डिसेंबर
सूनबाईने फोनवर विचारलं, आई, तुम्ही स्वतः रात्री काय पांघरता? किती खवचट प्रश्न. रजई, म्हटलं, आणि फोन ठेवला.

९ डिसेंबर
फेरमतदान. सगळ्यांना अंतरावर उभं केलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तोफ पुन्हा, आणि मतं आधीपेक्षा जास्त. मास्तरांनीही तिलाच दिलं. विचारलं नव्हतं, आपणहून येऊन सांगितलं. गुप्त मतदान यांना कळलेलंच नाही.
निकाल उद्या जाहीर करीन. एकदा शांतपणे विचार करायला हवा.

१० डिसेंबर, सकाळ
तोफेच्या सासूबाईंना पहाटे दवाखान्यात नेलं. छाती भरली आहे. अंगावरची शाल नातवाला घालून म्हातारी तशीच बसून होती.
खोली उघडायला गेले. किल्ली कुलुपात जाईना. कोणीतरी माझ्या हातातून घेऊन उघडलं. वाटप लगेच झालं, आपोआप. रांग लावा, असं मला कोणाला सांगावं लागलं नाही. कोणी मला काही बोललंही नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं.

१२ डिसेंबर
निकाल काल जाहीर केला. आज समितीची पहिली सभा. पहिला विषय, किल्ली कोणाकडे. तोफेचा आवाज आज अगदी खाली होता. म्हणाली, "मॅडम, राग नाही. पण ती तुमच्या गळ्यात असली की आम्हाला मागावी लागते."
मग तिने मला विचारलं, गुप्त मतदान घ्यायचं का. टोमणा नव्हता. तुम्ही शिकवलंत तसंच करू, म्हणाली. मी नको म्हटलं. हात वर झाले. सगळे.
काढताना साखळी माझ्या केसांत अडकली. तिनेच सोडवली, हळूच, लहान मुलीचे केस सोडवावेत तशी. सासूबाई कशा आहेत ते विचारायचं म्हणून मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

१३ डिसेंबर
छावणीत गेले नाही. सूनबाईला सांगितलं, जरा थंडी वाजते आहे.