शंभरामागे पाच

९ फेब्रुवारी

चि. चिऊस,

आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. तुम्ही दोघं मजेत असाल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण दुकानापर्यंत नेतो आणि परत आणतो.

तू म्हणशील, आईला पत्राची हुक्की कुठून आली? अगं, फोनवर तू बोलत असतेस आणि मी 'हो, हो' म्हणत असते. फोन ठेवला की लक्षात येतं, सांगायचं ते राहूनच गेलं. परवा तू विचारलंस, माझ्या खोलीला कोणता रंग देऊ, मी म्हटलं, कोणताही दे. मग विचारलंस, तिकिटाची तारीख कधी कळवतेस, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खरंच आलं होतं. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या.

ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. वर्ष संपता संपता दुकान बंद करायचं, हे घर विकायचं आणि कायमचं तुझ्याकडे यायचं. तिकीट मात्र क्रेडिट कार्डावर खर्च केल्याबद्दल बँक जे पैसे परत देते, त्यांतूनच काढायचं, ही माझी हौस. सांगायला आनंद वाटतो की तिकीट जवळजवळ जमलंय. तू ते कार्ड हातात दिलंस तेव्हा मी किती घाबरले होते, आठवतं? आता तुलाच चार गोष्टी शिकवीन. किराण्यावर शंभरामागे पाच रुपये परत, औषधांवर तीन, बाकी सगळ्यावर एक. दोरे आणि बटणं मी पूर्वी घाऊक दुकानातून घ्यायचे, त्यावर एकच मिळायचा. तोच माल सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर घेतला की किराण्यात धरतात आणि पाच मिळतात! हे बँकेने सांगितलं नाही, मीच शोधून काढलं. बिल तारखेच्या आधी पूर्ण भरते. एक महिना जरी थकलं, तरी वर्षभराचं परत आलेलं व्याजात वाहून जातं, हे तुझं वाक्य मी शिलाई मशीनवर चिकटवलंय.

आणखी एक युक्ती काढली आहे, पण रागावू नकोस. रोख देणारा माणूस दिसला की माझा जीव तुटतो. मग मी म्हणते, तुमचं बिल माझ्या कार्डावर होऊ द्या, रोख मला द्या. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई देतात. शेजारचे मास्तर आधी आढेवेढे घेतात आणि मग देतात. आता तर इमारतीतले लोक मला बघून पिशव्या मागे लपवतात.

मागच्या महिन्यात सुपरमार्केटात माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. लिफ्ट दुरुस्त करतात, कपड्यांना ग्रीसचा वास. हातावर चिल्लर पसरून शांतपणे एकेक नाणं मोजत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, कार्डावर होऊ द्या माझ्या."

ते म्हणाले, "यात तुमचा फायदा काय?"

"शंभरामागे पाच."

"आणि माझा?"

"तुमचा काही नाही."

ते हसले ना, तर सगळी रांग वळून बघायला लागली. पैसे मात्र मुकाट्याने दिले. पुढच्या आठवड्यात गेले, तर पिशवी घेऊन काउंटरजवळ उभेच! म्हणाले, "माझ्यामुळे तुमचे पाच बुडायला नकोत."

त्यांची पिशवी एवढीशी असते गं. चार अंडी, अर्धा पाव, दोन सफरचंदं. एकट्या माणसाची पिशवी लांबूनही ओळखू येते.

दुकानात परतले तर कशात लक्ष लागेना. खिडकीतून ऊन येत होतं, मशीन आपोआप चालल्यासारखं चालत होतं, आणि मी एका पँटची एकच बाजू दोनदा आखूड केली. गिऱ्हाईक एका पायाने तरंगत असल्यासारखं दिसत होतं. भरपाई द्यावी लागली.

बाकी सगळं क्षेम. तारखेचं नंतर बोलू.

तुझी,
आई


२७ मे

चि. चिऊस,

आईचे आशीर्वाद. तुझा फोन झाला आणि लगेच लिहायला बसले. तू विचारलंस, "आई, घरात हा सोफा कुठून आला?" मागे दिसला वाटतं तुला फोनच्या कॅमेऱ्यात. मी म्हटलं, ओळखीच्या माणसाचा आहे. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. तेव्हा आता सावकाश सांगते.

या तीन महिन्यांत बँकेने घरसामानावर शंभरामागे दहा ठेवलेत. दहा! माझ्या डोळ्यासमोर तिकीट तरंगायला लागलं. पण मला घरसामान कशाला? मला तर आहे तेच विकायचंय. 'परत मिळतंय म्हणून खर्च करायचा नाही,' हेही तुझंच वाक्य. तेव्हा लिफ्टवाले म्हणाले, "मला सोफा घ्यायचाच आहे. जुन्याच्या स्प्रिंगा वर आल्यात. तुम्ही चला, कार्ड तुमचं, रोख माझी."

गावाबाहेर ते मोठं फर्निचरचं दुकान आहे ना, तिथे गेलो. तू असलं दुकान पाहिलं असशील. आत खोल्याच खोल्या मांडलेल्या. एकीत जेवणाचं टेबल, ताटं मांडलेली. दुसरीत पलंग, उशाशी दिवा लावलेला. खिडक्यांना पडदे, आणि पडद्यामागे नुसती भिंत. नळ आहेत, पाणी नाही. कपाटात पुस्तकं आहेत, ती उघडत नाहीत. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. आम्ही एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिलो. एका बैठकीच्या खोलीत बसलो, मग दुसरीत. ते म्हणाले, "इथे उजेड बरा आहे." मी म्हटलं, "पण स्वयंपाकघर लांब पडतं." ते म्हणाले, "मग मी भांडी घासीन, तुम्हाला यायला नको." आम्ही दोघंही हे अगदी गंभीरपणे बोलत होतो गं. खोट्या खिडकीतून खरंच वारा येतोय असं मला वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे.

शेवटी एक निळा सोफा आवडला. मला आवडला. विक्रेता म्हणाला, "काका, काकूंची पसंती झाली म्हणजे झालंच की!"

मी सोफ्यावरची किंमत वाचायला लागले. लिफ्टवाले नुसते सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आणि इथेच घोळ झाला. पैसे देताना त्याने पत्ता विचारला. मला वाटलं, कार्डाचा पत्ता जुळायला हवा, नाहीतर दहा टक्के अडकायचे. मी घडाघडा आपल्या घराचा पत्ता सांगितला. चौथ्या दिवशी चार हमाल सोफा घेऊन दारात! जिन्याचं वळण अरुंद. कठडा काढून, तिरका करून, शिव्या देत त्यांनी तो आत घातला. मी म्हटलं, अहो, हा इथला नाही. त्यांचा म्होरक्या घाम पुसत म्हणाला, "काकू, आता हा इथलाच. उतरवायचा तर दुसरी माणसं बघा."

लिफ्टवाले आले, त्यांनी जिना बघितला, सोफा बघितला. सगळं आयुष्य वस्तू वर-खाली नेण्यात गेलेला माणूस, पण म्हणाले, "नाही उतरणार." मग बसले. मी चहा केला. तेव्हापासून संध्याकाळी येतात, आपल्या सोफ्यावर बसायला. पैसे त्यांनी भरलेत, मी नाही कशी म्हणू?

तू फोनवर विचारलंस, "रोज येतात?" आणि मी म्हटलं, "छे, अधूनमधून." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

खोलीला फिकट पिवळा रंग दिलास म्हणे. छान दिसत असेल.

तुझी,
आई


११ सप्टेंबर

चि. चिऊ,

आशीर्वाद.

या खेपेला इकडचं तिकडचं काही लिहीत नाही. परवा तू म्हणालीस की, घराला गिऱ्हाईक शोधलंय, पुढच्या महिन्यात बघायला येतील, आणि मी नेहमीसारखं 'हो' म्हटलं. त्यानंतर दोन दिवस मशीनला हात लावला नाही. खिडकीशी बसून राहिले. रस्त्यावरची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती.

आधी एक गोष्ट ऐक. गेल्या आठवड्यात लिफ्टवाले इथे बसले असताना डुलकी लागली त्यांना. पाकीट खिशातून सरकून खाली पडलं आणि उघडलं. मी उचलायला वाकले. आत कार्ड! आपल्याच बँकेचं, पण वरच्या दर्जाचं. त्या कार्डाची जाहिरात मला पाठ आहे. किराण्यावर शंभरामागे सात.

मी हलवून उठवलं. म्हटलं, "हे काय आहे?"

ते डोळे चोळत म्हणाले, "कार्ड आहे."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"मग पहिल्या दिवशी चिल्लर का मोजत होतात?"

"खिसा जड झाला होता, सुटे संपवत होतो. कार्ड पाकिटातच होतं. पण तुम्ही म्हणालात, माझ्या कार्डावर होऊ द्या. मग काय करणार?"

चिऊ, हा माणूस दर आठवड्याला आधी बँकेच्या मशीनवर जायचा, रोख काढायचा आणि मग काउंटरजवळ येऊन उभा राहायचा. मला पाच मिळावेत म्हणून स्वतःचे सात सोडायचा! मी इतकी चिडले. म्हटलं, "अहो, दोन टक्क्यांचं नुकसान केलंत दर खेपेला! आपण तुमच्या कार्डावर केलं असतं तर..."

ते म्हणाले, "तर तुम्ही माझ्याशी बोलला असता का?"

मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले आणि रडले. बरं वाटलं रडून. तुझे बाबा गेल्यापासून मी कुणासाठी चिडले नव्हते, इतक्या मनापासून.

बाबांना विसरले नाही मी. ते तुलाही ठाऊक आहे. त्यांचे शर्ट अजून कपाटात आहेत आणि लिफ्टवाल्यांनी ते पाहिलेत. विचारलं, "शिलाईबाई, ही बटणं तुम्ही लावलीत?" मी हो म्हटलं. "छान लावलीत," म्हणाले आणि कपाट लोटून घेतलं. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. ते तिच्याबद्दल बोलतात आणि मी ऐकते. मला वाईट वाटत नाही.

मला हा माणूस आवडतो. झालं, लिहिलं एकदाचं. फेब्रुवारीपासून पेन याच वाक्याभोवती घुटमळत होतं.

मी तुझ्याकडे राहायला येत नाही. घर विकत नाही. घर बघायला येणार होते त्या लोकांना तसं कळव, माझ्या वतीने माफी माग. तिकिटाचे पैसे जमलेत, त्यातून तिकीटच काढणार आहे, जायचं आणि परत यायचं. दोन आठवडे तुझ्याजवळ राहीन, तुझे सगळे पडदे शिवून देईन, जावईबापूंच्या पँटी नीट करून देईन, दोन्ही पाय सारखे. मग परत येईन.

तुझं मन दुखेल हे मला समजतं. तू मला एकटं सोडायचं नाही म्हणून किती झटलीस. भिंती रंगवल्यास, सुट्ट्या साठवल्यास, रोज फोन केलास. कुणाची लेक एवढं करते? पण तू माझ्या एकटेपणासाठी खोली केलीस आणि मी आता तेवढी एकटी राहिलेले नाही. हे सांगायला मला लाज वाटत होती, जणू तुझी भेटवस्तू परत करतेय.

लिफ्टवाले म्हणाले, "आधी मुलीला विचारा. ती नाही म्हणाली तर मी समजून घेईन." भला माणूस आहे. पण मी लहानपणी आईला विचारलं, लग्न झाल्यावर सासूबाईंना, मग तुझ्या बाबांना, आणि ते गेल्यावर तुला. शिलाईचं दुकान टाकायचं तेव्हासुद्धा विचारलं होतं. या वेळी विचारत नाहीये, चिऊ. सांगतेय.

पत्र मिळालं की फोन कर. रागावायचं असेल तर मनसोक्त रागाव, मी ऐकून घेईन. रडेनही. पण इथेच रडेन.

तुझीच,
आई