साळूअक्काची लाथ

औरंगाबाद,
१८ जून १९६९

ती. साळूअक्कास बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पन्नाशीत बाई प्रौढांच्या वर्गाला जाते, लिहायला शिकते आणि पहिल्याच पत्रात धाकट्या भावाची अक्कल काढते. शिक्षणाचा प्रसार म्हणतात तो हाच असावा.

माझी खुशाली अशी, की मी खुशाल आडवा आहे. कमरेत कळ उठते, ती डाव्या मांडीमागून पोटरीत उतरते आणि अंगठ्याशी जाऊन थांबते. फुलंब्रीची एसटी चुकेल, हिची फेरी चुकत नाही. इलाजांना तोटा नाही. शेजारच्या इलियासमियाँनी हकिमाचा लेप आणून दिला. दुखणं जागच्या जागी राहिलं, कातडी तेवढी गेली. बन्सी शिपायानं वाळूची पोटली शेकायला सांगितली, त्यात चादर जळाली. मग चामड्याचा पट्टा आणला. तो बांधून कचेरीत बसलो, तर लोक विचारायला लागले, की मी आखाड्यात कधीपासून जातो.

रजा १५ ऑगस्टला संपते. साहेबांनी लई गोड भाषेत कळवलंय, की त्यानंतर टेबलाशी बसता आलं नाही तर मला कायमचं घरी बसवण्याची तजवीज होईल. पन्नासाव्या वर्षी घरी बसून मी करू काय? भिंती मोजू?

आणि तू म्हणतेस, इकडं ये, लाथ घालते. अक्का, मी हेडक्लार्क आहे. चारचौघांत बहिणीची लाथ खाणं माझ्या हुद्द्यात बसत नाही. वच्छलेचा नमस्कार. लोभ वाढावा, पाय आवरावा, ही विनंती.

बद्रीनाथ


फुलंब्री,
२ जुलै १९६९

चि. बद्रीनाथ यास साळूचे अनेक आशीर्वाद.

तू हेडक्लार्क झालास म्हणून तुझी कंबर काय सरकारी झाली का? माझ्या उंबऱ्यावर सरपंच येतो, पोस्टमास्तर येतो. परवा फकिराचा जावई आला, चांगला फौजदार हाय, टोपी काढून मुकाट्यानं पालथा पडला. मी पायाळू. पायांकडून जन्मलेल्या माणसानं कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे गावात शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. तुला तेवढं नाय, कारण तू शिकलेला.

हा गुण मला फुकट मिळाला नाय. पायाळूवर वीज पडती म्हणून आभाळ गुरगुरलं की आई मला कणगीच्या खोलीत कोंडायची, मृगापासून थेट हस्तापर्यंत. शाळा नदीपल्याड. तू दप्तर घेऊन निघायचास आणि मी दाराच्या फटीतून बघायची. दोन पावसाळे असे गेले, तिसऱ्याला मास्तरानं पटावरून नाव काढलं. पोरगी भावापेक्षा हुशार हाय, असं मास्तर म्हणायचा, ते तू कचेरीत कुणाला सांगत नसशील.

तुझ्या वाट्याला नोकरी आली, माझ्या वाट्याला लाथ. त्यातली थोडी तू घे की. येताना एसटीत बसायला उशी आण. पुरणाचं करते. माया हायेच, पाय धुऊन ठेवते.

तुझी अक्का


औरंगाबाद,
२३ जुलै १९६९

ती. अक्कास बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

तुझ्या दारात मी पालथा पडलो, तू लाथ घातलीस आणि मी ताडकन उठलो, हे सगळ्या आळीनं पाहिलं. पुढचे आठ दिवस मी बाजारात दिसेल त्याला थांबवून तुझ्या पायाची महती सांगितली. नवव्या दिवशी मला मोरीतून उठता येईना. वच्छला आणि इलियासमियाँ, दोघांनी धरून बाहेर आणलं. अंगावर काय होतं, ते विचारू नको.

शेवटी दवाखान्यात गेलो. तिथं जोहराबाई म्हणून डॉक्टरीण आहेत. त्यांनी मला उताणं झोपवून पाय वर करायला लावला. वीतभर गेला आणि मी ओरडलो. मणक्यापाशी शीर दबली आहे म्हणाल्या. ती झोळीसारखी बाज काढा, फळीवर झोपा, सांगते ते व्यायाम रोज करा, चाला, एका जागी बसून राहू नका. आणि पुन्हा लाथ खाल्लीत तर माझ्याकडं येऊ नका.

एवढ्यावर भागलं असतं. पण समाचाराला फर्दापूरहून मनकर्णामावशी आली. आपल्या दोघांच्या जन्माच्या वेळी आईजवळ तीच होती. मी तुझ्या लाथेचं गाऱ्हाणं सांगितलं, तर हसून हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली, "गुण कसा येईल रे? पायाळू ती नाय. पायाळू तू."

आई घाबरली होती म्हणे. एकुलता एक मुलगा, त्यात पायाळू. वीज पडेल, नाहीतर गुप्तधन शोधणारे उचलून नेतील. पण या घरात पायाळू जन्मलंय, एवढं सुईणीकडून बाहेर फुटलेलंच होतं. तू दोन वर्षांची, जन्म तुझा आजोळचा, गावाला खरंखोटं ठाऊक नाही. आईनं ते तुझ्यावर ढकललं.

मी तीन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. विजा चमकत असताना मी नदी ओलांडत होतो आणि तू कणगीशेजारी कोंडलेली. आता ज्याच्या लाथेला गुण आहे त्याचा पाय वीतभर वर जात नाही, यावर पाहिजे तर हस. लोभ मागायचा हक्क मला उरलाय का, ते तूच कळव.

बद्रीनाथ


फुलंब्री,
१ ऑगस्ट १९६९

बद्रीनाथास,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझं मला वाचता आलं हे बरं, नायतर पोस्टमनच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

मला लई राग आलाय. आईवर, मावशीवर आणि तुझ्यावर. तुझी यात चूक नाय हे मला कळतं, तरी आलाय. आई असती तर तिच्याशी भांडले असते. ती नाय म्हणून तुझ्याशी. एवढी वर्षं मी ज्या विजेला भ्याले, ती माझी नव्हतीच.

डॉक्टरीणबाईचं ऐक. नोकरी घालवू नको, ती माझ्या वाट्याचीबी हाय. लोभाचं पुढं बघू.

साळू


औरंगाबाद,
२५ ऑगस्ट १९६९

ती. अक्कास बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

रजा संपताच टेबलाशी बसलो. दर अर्ध्या तासाला उठून उभा राहतो. साहेबांना वाटतं, मी त्यांचा मान राखायला उठतो, म्हणून ते खूश आहेत. फळीवर झोपतो, व्यायाम चुकवत नाही, रोज सकाळी हर्सूलच्या रस्त्यानं चालतो. पाय हातभर वर जातो. कळ पुरती गेली नाही, पण पोटरीपर्यंत उतरत नाही. बाज इलियासमियाँना दिली, आता त्यांची कंबर धरलीय.

परवा चालताना आभाळ कडाडलं. मी जागच्या जागी उभा राहिलो. पाय उचलेना, आणि तो शिरेमुळं नव्हे. उभ्या आयुष्यात मला विजेची भीती वाटली ती एवढीच, घटकाभर. अक्का, मला तेव्हा तुझी खोली दिसली. माझ्यामुळं झालं, मला माफ कर.

दसऱ्याला येतो आणि पारावर चारचौघांत खरं काय ते सांगतो. तुझ्यावरचं हे ओझं निदान आता तरी उतरू दे. उत्तराची वाट पाहतो, लोभाचीही.

बद्रीनाथ


फुलंब्री,
६ सप्टेंबर १९६९

चि. बद्रीनाथ यास साळूचे अनेक आशीर्वाद.

पारावर एक अक्षर बोललास तर खरीखुरी लाथ घालीन.

सोमवारी विजा लखलखत होत्या. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले. सून आतून हाका मारून थकली. तेवढ्यात वस्तीवरच्या कडूबाला गाडीत आडवा घालून आणला, कंबर पार धरलेली. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं. तो उंबऱ्यावर पडल्या पडल्याच म्हणाला, "अक्का, आधी पाय लाव, मग काय बोलायचं ते बोल."

लावला. नुसता टेकवला, तुझ्या जोहराबाईला भिऊन. मग म्हटलं, बाजेवर झोपायचं नाय, रोज चालायचं आणि कळ पायात उतरली तर दवाखाना गाठायचा. माझ्या पायाचा गुण त्याशिवाय टिकत नाय, असं सांगितलं. गडी निमूट ऐकतोय. डॉक्टरीणबाईचं त्यानं बापजन्मी ऐकलं नसतं. तिला विचार, असं लोकांना आणखी काय सांगू, आणि मोठ्या अक्षरात लिहून पाठव. मला वाचता येतं.

दसऱ्याला ये, वच्छलेला आण, आणि तोंड मिटून ये. शाळा तुझी झाली, बद्री. लाथ माझी राहू दे.

तुझी पायाळू अक्का