मुकुटबनच्या विहिरीतला समुद्र

आणि मी दगड बिघडवला, हे तुम्ही फोनवर अख्ख्या ओट्यासमोर बोललात ते मले पटलं नाही, मामा. बिघडवला नाही, पॉलिश केला. दोन्हीत फरक आहे आणि माझं पोट त्याच फरकावर चालते. तुम्ही फोन मधातच कापता म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद मधात कापता येत नाही. (फाडता येते. पण तुम्ही किराण्याची पुडीसुद्धा वाचून घडी करून ठेवणारे, तुम्ही काय फाडता.)

असो. आदरणीय भीमराज मामांस भाचा इंद्रजितचा पुण्याहून मनापासून जयभीम. तुमचा गुडघा, मामीची कंबर आणि पायलची बारावी, तिघांची चौकशी केली असं समजा. मी ठीक आहे, फक्त शिंकलो की नाकातून ग्रॅनाइट निघते. तुम्हाले पत्र मोठ्यानं वाचायची सवय आहे, तर सहीपर्यंत खुशाल वाचा. सहीच्या खालचं मात्र मनात वाचा.

आता दगडाची हकीकत. विहीर बावीस फुटांवर गेली, ढिगाऱ्यात तुम्हाले तो गुंडाळीचा दगड सापडला, तुम्ही त्याले समुद्रातला प्राणी म्हणाले, शेजारच्या वावरातले नागोराव धुऱ्यावरून मेंढ्याचं शिंग म्हणाले, आणि शास्त्रज्ञ पाहत नाही तोवर सुरुंग लागणार नाही म्हणून तुम्ही विहीर खोदणाऱ्या पूनमसिंगची क्रेन थांबवली. पाच आठवडे झाले. पूनमसिंगचे लोक बोरीखाली पत्ते खेळून राह्यले आणि मामी मिरचीच्या वाफ्याले पाणी घागरीनं वाहून राह्यली, तेही नागोरावच्या बोअरवरून. (तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, पण त्यांचं पाणी चालते.) माझी सुट्टी संपली तेव्हा तो दगड तुम्ही टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला आणि एसटीत खाली ठेवू नको म्हणाले. नाही ठेवला. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, लेकरू रडत काहून नाही.

आता पॉलिशचं ऐका. मोठ्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅडमपुढं असा मळकट दगड न्यायचा कसा? मी दिवसभर लोकांच्या किचनचे ओटे चमकावतो आणि मामाचा दगड चिखलाचा? जायच्या आदल्या दिवशी पन्नास नंबरचा पॅड मारला, मग दोनशे, मग आठशे, शेवटी बफ. अंगावरच्या उभ्या धारा गेल्या, हे खरं. पण असा चमकला की मिशी पाहून घ्या. तुम्हाले फोटो पाठवला, अन् पुढचं तुम्हाले ठाऊकच आहे.

कॉलेजच्या गेटवर वॉचमननं माझे कपडे पाहिले आणि एक शब्द न विचारता तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथं वऱ्हांड्याची फरशी घासणं चालू होतं. ठेकेदारानं हातात मशीन दिली. मी म्हटलं, एवढ्या शिकलेल्या लोकांची अशीच रीत असेल, आधी काम पाहत असतील. दुपारपर्यंत अर्धा वऱ्हांडा मी केला, आणि चांगला केला. मॅडम त्याच फरशीवरून घसरत आल्या तेव्हा मी मशीन बंद केली, टॉवेल उघडला आणि दगड पुढं केला.

त्या आधी डोक्याले हात लावून बसल्या. धारा पाहूनच जात ठरते म्हणे, त्याच मी खाल्ल्या. मग त्यांनी भिंग लावलं आणि दगड खिडकीच्या उजेडात नेला. पॉलिशनं आतल्या खोल्या उघड्या पडल्या होत्या, मामा! हा अमोनाइट. समुद्रातला, शंखात राहणारा, माकुळाच्या नात्यातला. (माकूळ म्हणजे काय ते मले माहीत नाही, मी मान डोलावली.) तो वाढला की पुढं नवी खोली बांधे आणि मागची बंद करून टाके. सगळ्या खोल्यांतून एक नळी. तिच्यातून पाणी काढून तो हलका होऊन तरंगे. आपल्या गावच्या नळयोजनेपेक्षा कितीतरी बरं काम. नागोरावचा मेंढा मेला, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

पण मग मॅडमनं गाव विचारलं. मी मुकुटबन सांगताच त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, तिथला चुनखडक समुद्रातलाच आहे, मामांचं म्हणणं बरोबर, पण तो इतका जुना की तेव्हा जगात शंखशिंपले झालेच नव्हते. हा जीव तिथून निघूच शकत नाही. असे दगड कच्छात ढिगानं मिळतात. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तुमच्या घरातलं कुणी कच्छला होतं का?"

मी म्हटलं, पाणी प्यायला कुठं मिळेल.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
इंद्रजित

ता.क. (आता मनात.) कच्छला मी होतो, आठ महिने, दगडाच्या खाणीवर. तुम्ही समद्यांसमोर म्हणाले होते ना की या पोट्ट्याले गारगोटी आणि गूळ यांतला फरक कळत नाही? म्हणून सुट्टीवर आलो तेव्हा तो दगड ढिगाऱ्यात मीच टाकला. दोन दिवस मजा पाहून सांगणार होतो. तुम्ही क्रेन थांबवली तसं माझं तोंडच बंद झालं.

ता.क. दुसरं. काल मामीले फोन करून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझी बॅग कपड्यांसाठी मीच रिकामी केलती, दगड हातात घेतलता. पण हा माणूस रोज दाढी करून विहिरीवर जाऊन राह्यला होता रे. तसा तो रिटायर झाल्यापासून गेला नव्हता. म्हणून वाहिलं पाणी." हे तुम्हाले सांगू नको म्हणाली. मी सांगून नाही राह्यलो, लिहून राह्यलो.

ता.क. तिसरं. नागोरावले सहीखालचं कळायची गरज नाही. समुद्र होता, हे मॅडमनंच म्हटलं, आणि ते खरं आहे. सोमवारी दाढी करून विहिरीवर जा, पूनमसिंगले मामीनं क्रेन चालू करायले बोलावलं आहे. त्याच्या लोकांच्या खाड्याचे पैसे मी मामीच्या खात्यावर टाकून राह्यलो, पहिला हप्ता, तीन हजार सहाशे.