यंदा मासे वाटून टाकले

पील नदीवरचा आपला कॅम्प, उत्तर कॅनडा,
२६ ऑगस्ट

प्रिय वॉरेन,

आम्ही सगळे मजेत आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आईचे गुडघे बोलतात, आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त बोलते. मामांचा एब होडी चालवतो, लाकडं फोडतो आणि तिची बोलणी खातो. आई, मी आणि एब असे आम्ही तिघं इथे आहोत. खरं तर चौघं. ते पुढे सांगते.

गावात जाऊन फोन करणार होते. पण आपण दोघं फोनवर हवापाण्याच्या पुढे कधी गेलोय का? तू "बरं, ठेवतो मग" म्हणतोस आणि मीही ठेवते. पत्र तुला असं मध्येच ठेवून देता येणार नाही. इंग्रिड ते तुझ्या हातात देईल. ती तुमच्या एडमंटनच्या विद्यापीठातली. गेले तीन उन्हाळे येते आणि आपल्या ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून नेते. पहिल्या वर्षी आईने तिला विचारलं होतं, "एवढ्या लांब पाणी भरायला आलीस, तुमच्याकडे नळ नाहीत का गं?" आता ती दिसली की आई आधी चहाचं भांडं चढवते.

चहाचं पाणी मात्र आम्ही मागच्या तळ्यावरून आणतो. ओढ्याचं बंद झालं. आपण त्याचा बर्फ तोडून तंबूमागे रचायचो आणि हिवाळाभर त्याचाच चहा प्यायचो, आठवतं? आता पत्ती टाकायच्या आधीच पाणी चहाच्या रंगाचं असतं, आणि पाऊस पडला की चिखलाचा काला वाहतो. वरची टेकडी खचते आहे. आतला बर्फ उघडा पडलाय. उन्हात तो चकाकतो, आणि त्यावरून माती दिवसभर खाली घसरत राहते. तो आवाज ऐकून ऐकून माझी तर झोपच उडाली आहे.

मासे यंदा छान आले. दोन्ही जाळी भरून यायची. आईने कापून, विलोच्या लाकडांच्या धुरावर धरून, सगळे गोठलेल्या जमिनीतल्या थंड खड्ड्यात नीट रचले. आणि गेल्या आठवड्यात एबला खाली उतरवून सगळे बाहेर काढले आणि वाटून टाकले. काही पलीकडच्या कॅम्पला, काही गावातल्या म्हाताऱ्यांना, तुटके कुत्र्यांना. विनी आत्या होडीतून मुद्दाम बघायला आली. म्हणाली, "अगं, डोकं फिरलं का तुझं? हिवाळ्यात दगड खाणार?"

"तुझ्याकडे येईन जेवायला," आई म्हणाली. "वाढशील ना?"

विनी आत्याने खड्ड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग तिने डोक्यावरचा रुमाल काढला. तेव्हापासून ती रोज येते आणि आईजवळ बसते.

वॉरेन, आता लिहायलाच हवं. मी मेबलबद्दल लिहिते आहे.

टेकडीवरचं तिच्या थडग्याभोवतीचं पांढरं कुंपण दोन वर्षांपूर्वी कड्यापासून चांगलं लांब होतं. मागच्या वर्षी मध्ये एक होडी आडवी मावली असती. यंदा जुलैत मी कुंपणाला टेकून वाकले तर खाली ओढा दिसला. आई रोज थर्मास घेऊन वर जायची आणि कुंपण आणि कडा यांच्या मधे बसायची, जणू तिच्या वजनाने जमीन थांबणार आहे. एब ओरडायचा, "आत्या, तू पण जाशील खाली!" ती म्हणायची, "मग दोघी जाऊ. तू चहा पी."

मेबल गेली तेव्हा बाबांनी ती जागा कशी निवडली ते तू विसरला नसशील. त्यांनी पहार आपटली, ती नुसती खणखणली. "याच्याइतकी पक्की जमीन नदीवर कुठे सापडणार नाही," ते म्हणाले. पलीकडच्या कॅम्पवरच्या माणसांनी दोन दिवस आग पेटवून माती मऊ केली, तेव्हा कुठे खड्डा झाला. तू मात्र तिला गावात चर्चमागे न्या म्हणत होतास. "माझ्या पोरीला बर्फात ठेवू नका, तिला थंडी सोसत नाही," असं तू ओरडलास. दु:खाने बोलतोय असं सगळ्यांनी धरलं. इंग्रिडने मला यंदा सांगितलं की त्या जागेत मातीपेक्षा बर्फच जास्त होता. म्हणून पहार खणखणली. कठीण ते पक्कं, असंच आपण सगळे पिढ्यानपिढ्या समजत आलो.

तिनेच सांगितलं की या ओढ्यातून जातंय ते हजारो वर्षांपूर्वीचं गवत आहे, मुळं आहेत, पानं आहेत. बर्फात होती म्हणून कुजली नव्हती. आता पाण्यात उतरतात, कुजतात, काही हवेत जातात, काही नदीतून समुद्राला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जुनं गवत जाऊ दे. आमचं माणूस नाही द्यायचं या ओढ्याला." इंग्रिड रडली. मी नाही रडले, मला राग आला. कुणावर ते अजून ठरलेलं नाही.

मग चार दिवस पाऊस लागला. कुंपणाची एक बाजू रात्रीत गेली. सकाळी विनी आत्याची मुलं दोर घेऊन आली, एबच्या कमरेला तो बांधून त्याला कड्यावरून खाली सोडलं, आणि दुपारपर्यंत त्यांनी तिला वर काढलं. तुला विचारायला वेळच नव्हता. रोडाला तेवढं गावातून कळवता आलं. ती व्हाइटहॉर्सहून गाडीने निघाली आहे. म्हणाली, "मी तिची आई आहे, पण वॉरेन येईपर्यंत काही करू नका."

पेटी जशीच्या तशी आहे. बाबांनी दिलेला निळा रंग परवा दिल्यासारखा दिसतो. एका फटीतून तिच्या गोधडीची किनार दिसते, त्यावरची आईने मण्यांनी भरलेली फुलं अजून लालभडक आहेत. पेटी आम्ही उघडली नाही. आपण सगळे एवढे थकलो रे, आणि ती आत अजून पाच वर्षांची आहे.

तिला आता माशांच्या खड्ड्यात ठेवलंय. इथे तेवढीच थंड जागा उरली आहे. मासे त्यासाठी वाटले. खाली देवदाराच्या डहाळ्या अंथरल्या आहेत. तिला थंडी सोसत नाही हे आई विसरलेली नाही, तिने पेटीवर स्वत:चा कोट घातला आहे. पण खड्ड्याच्या भिंतीही आता ठिबकायला लागल्या आहेत. एब म्हणतो, आठवडाभर निघेल, फार नाही.

गावात चर्चमागे जागा ठरवली आहे, तू म्हणाला होतास तिथेच. तिथली जमीन कोरडी, खडीची आहे. खणायला पलीकडच्या कॅम्पवरची माणसं येतील, घरच्यांनी खणायचं नसतंच. पण आता खड्ड्यातून पेटी आई कुणाला उचलू देत नाही. पहिला हात बापाचा, म्हणते.

बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. तू बरोबर होतास, एवढं मात्र लिहून देते. बाबा असते तर ते त्यांनी स्वत: म्हटलं असतं असं मला वाटतं, पण त्यांच्या वतीने बोलायचा हक्क मला नाही. माझ्या वतीने म्हणते.

इंग्रिड उद्याच्या विमानाने निघेल. परतीचं विमान तूच बघ. इनुविकला उतर, एब गाडी घेऊन उभा असेल.

आई आत्ता खड्ड्याच्या तोंडाशी बसली आहे. वाकून खाली सांगते आहे, "झोप बाळा, तुझा बाबा निघालाय." मी ऐकते आहे आणि लिहिते आहे. आई लहान मुलांशी कधी खोटं बोललेली नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. या वयात तिला खोटं पाडू नकोस.

तुझी, आणि आता मेबलजवळ बसायला चाललेली,
यूनिसताई