लालबागच्या मांडवातला एल निनो

गिरगाव, १२ जून २०२३

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू मावशीचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा नवरा निलेश सांगत होता, यंदा एल निनो, पाऊस कमी, म्हणून तू मांडवात फळ्या बांधल्याच नाहीस. शाडूचे गणपती जमिनीवरच मांडलेस. नोकरी सोडून कारखाना काढल्याच्या पहिल्याच वर्षी हे धाडस! अगं, तिकडे पॅसिफिक तापला की आपला पाऊस बहुधा घटतो, हे खरं. पण ती साऱ्या देशाची, साऱ्या मोसमाची सरासरी. लालबागच्या एका दुपारची हमी त्यात कुठे आहे? आणि आपला अरबी समुद्र काय थंड बसलाय? तोही तापलाय, म्हणून तर सध्याचं वादळ एवढं माजलं. वाफ जास्त झाली की पाऊस एकदम कोसळतो. आम्हाला कॉन्व्हेंटात भूगोल छडीने शिकवला, तुम्हाला मोबाइलने, दुसरं काय! कच्च्या मातीला घोटाभर पाणी पुरे. फळ्या बांध.

राग उतरला की लोभ उरेलच,
सरोजिनीमावशी

लालबाग, २० जून

ती. मावशीस,
शि. सा. न. तुझं पत्र मांडवात मोठ्याने वाचलं. निलेश म्हणाला, मावशींना वेधशाळेत नोकरी द्या. वीस तारीख आली, थेंब नाही, आणि तू पुराच्या गोष्टी करतेस! तरी फळ्या बांधल्या. आता रंगवायला शिडी लागते. प्रत्येक पायरीवर तुझं नाव घेते.

ओरडत राहा, पण माया कमी करू नकोस,
अनुजा

लालबाग, २७ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. काल मांडवात गुडघाभर पाणी. गणपती वर, आम्ही पाण्यात. एकही मूर्ती गेली नाही. पण फळ्यांचे बांबू हललेत, आणि हवा इतकी ओली की माती सुकत नाही. सोंडा बोटाला चिकटतात. पुन्हा पाणी भरलं तर सगळं कोसळेल. लोकांनी विश्वासाने मूर्ती सांगितल्यात गं. आता मी हसत नाहीये.

तुझीच,
अनुजा

गिरगाव, २८ जुलै

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद. रडू नकोस, टेम्पो बोलाव. माझा तिसरा मजला आहे, तिथे पाणी चढायचं नाही. दिवाणखाना रिकामा केलाय. मी स्वयंपाकघरात झोपेन. ऑगस्टात पाऊस दडी मारेल असं माझं मत आहे, एल निनोला मी विसरले नाही. तेव्हा इथेच सुकव, इथेच रंगव, डोळे इथेच आख.

शेजारच्या आनंदीबाई विचारत होत्या, एवढे गणपती घरात आल्यावर मोदक किती करायचे? त्यांना सांगितलं, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ते माझे भाडेकरू. नैवेद्य नको, पंखा हवा.

वाट पाहते,
सरोजिनीमावशी