चार टायरांना लागलेले चार महिने

मोंतेगार्दो, ९ जून

तीर्थस्वरूप आर्जियाताईस,

धाकट्या नेरिओचा नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानंच केलाय, पण मनापासून केलाय.) तुझी तब्येत, लेकीची तब्येत, त्रिएस्तेचा वारा आणि तुझं ब्लडप्रेशर ही चारही ताब्यात असतील अशी आशा आहे. माझं ठीक चाललंय. डॉक्टर म्हणतात वाइन सोडा, मी म्हणतो वाइन पोटात जाते, दुखतो गुडघा, त्या बिचारीचा काय दोष? असं आमचं दर महिन्याला चालतं. द्राक्षांवर यंदा रोग नाही. तुझ्या इथल्या घराची दोन कौलं मार्चच्या वाऱ्यात उडाली होती, ती बसवून घेतली.

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं की व्हानेसभाऊजींची लाल गाडी पार्माचे कुणी नोटरीसाहेब घ्यायला तयार आहेत. अट एवढीच की चार नवीन टायर घालून, सरकारी तपासणी करून, २९ जूनच्या आत, म्हणजे सेंट पीटरच्या सणापर्यंत द्यावी, नाहीतर ते दुसरी बघतील. पुढे तू लिहिलंस, "चार टायर घालायला अर्धा तास पुरतो. त्या डबड्याशी माझा कधी काही संबंध नव्हता, एकदाची जाऊ दे." ताई, चार महिने झाले. तुझी लेक फोनवर म्हणाली की मामाचा त्या गाडीत जीव अडकलाय आणि मामा मुद्दाम वेळ काढतोय. गाय गेल्यापासून गोठा रिकामा होता, त्यात भाऊजी वारल्यापासून सहा वर्षं काहीतरी उभं आहे, सकाळी दार उघडलं की लाल दिसतं, बरं वाटतं. याला जीव अडकणं म्हणत असतील तर म्हणोत. पण उशीर माझ्यामुळे झालेला नाही, हे सिद्ध करण्यासाठी हे पत्र. (चाळीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, त्यामुळे थोडक्यात अहवाल लिहिता येत नाही.)

पहिली गोष्ट म्हणजे, जुने टायर वरवर पाहता झकास होते. खाचा खोल, काळा रंग तुकतुकीत. मी तुला तसं कळवणारच होतो की बाई, नोटरीला सांग, टायर नवेच आहेत. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो जन्मला ते सांगणारे. आपले निघाले अकरा वर्षांपूर्वीच्या एकोणिसाव्या आठवड्यातले. मग चष्मा लावून पाहिलं तर कडेला सगळीकडे बारीक चिरा, माझ्या टाचांना आहेत तशा, आणि सहा वर्षं एकाच जागी उभं राहून खालचा भाग चपटा. तेव्हा बदलणं भाग होतं. मी जॅक लावून चारही चाकं काढली, तीनचाकी टेम्पोत टाकली आणि नेहमीच्या सवयीनं नेऊन उभा राहिलो लेआर्कोच्या दुकानासमोर.

इथे माझी चूक झाली, ती मी मान्य करतो. लेआर्को माझा टायरवाला. पण गाडी भाऊजींची, आणि भाऊजींचा टायरवाला इयादेर. आणि इयादेरचं दुकान लेआर्कोच्या बरोब्बर समोर, आणि दोघे सख्खे भाऊ, आणि दोघांचं एकवीस वर्षं बोलणं नाही, हे तुला मी सांगायला नको. बोच्चेच्या खेळात चेंडू रेषेच्या आत की बाहेर यावरून इयादेर भर चौकात म्हणाला होता, "आजपासून तू मला भाऊ नाहीस." घरात म्हणाला असता तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण आपल्या गावात चौकात बोललेलं परत घेता येत नाही. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकतीस वर्षांपूर्वी भाऊजींनी ती गाडी आणली, तेव्हा कारंज्यापाशी उभी राहून, अख्ख्या गावाच्या देखत तूच म्हणाली होतीस ना, "या दोन सीटच्या खेळण्यात मी कधी बसले तर आर्जिया नाव लावणार नाही." आणि तू शब्दाची पक्की. भाऊजी दर गुरुवारी एकटेच इंजिन गरम करायला जायचे आणि तू आपली बसनं खाली बाजाराला. गावात अजून तुझं उदाहरण देतात.

असो. तर भाऊजींच्या गाडीची चाकं माझ्या टेम्पोत, टेम्पो लेआर्कोच्या दारात, आणि समोर इयादेर हात पुसत उभा. त्यानं एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शटर ओढून घेतलं. मंगळवार, सकाळी दहा वाजता! लेआर्कोला काय ते कळलं, पण गिऱ्हाईक आलेलं परत कोण पाठवतो? त्यानं विचारलं, "गाडी कोण चालवणार? कशी चालवणार?" मी म्हटलं नोटरी. तो म्हणाला, "मग टायर कशाला, स्टँडवर ठेव, तो नुसती पुसत बसेल." तरीही त्यानं पर्याय सांगितले. गाडीच्या कागदांवर जे माप लिहिलंय त्याचा टायर आता एकच कारखाना बनवतो, तोही मागणी आल्यावर, म्हणजे दोन महिने. रुंद टायर उद्या मिळेल, पण मग माप बदललं म्हणून सरकारी इंजिनिअरचा शिक्का लागणार, म्हणजे सहा महिने. तिसरा शर्यतीचा मऊ टायर: तापला की रस्त्याला चिकटतो आणि थंड असला की साबणासारखा घसरतो. चौथा कडक, प्रवासी, वीस वर्षं झिजत नाही, फक्त गाडीतल्यांचे दात हलतात.

मी म्हटलं विचार करतो, आणि कॉफी प्यायला बारमध्ये गेलो. ही दुसरी चूक. ज्या गावात अठ्ठावीस ट्रॅक्टर, माझ्यासारखे नऊ टेम्पो आणि एकच लाल गाडी, तिथे त्या गाडीच्या टायरबद्दल मत नसलेला माणूस मला सापडला नाही. औषधवाला म्हणाला मऊच घे, आयुष्य एकदाच. पाद्रीबाबा म्हणाले कडक घे, टिकण्यात पुण्य आहे. (त्यांना लायसन्स नाही.) पोस्टमनची बायको म्हणाली पुढे मऊ आणि मागे कडक. चर्चा तीन आठवडे चालली. शेवटच्या आठवड्यात मी गेलोच नाही, तरी चालली.

शेवटी कागदावरचंच माप घ्यायचं ठरवून मी लेआर्कोकडे गेलो, तर तो गंभीर. म्हणाला, "नेरिओ, टायर मी मागवीन. पण ती गाडी पंचवीस वर्षं त्याच्या हाताखालून गेली. तिच्या चाकांचं अलाइनमेंट त्याच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. मी हात लावणार नाही." आता आली का पंचाईत! इयादेरकडे गेलो तर तो म्हणाला, "आधी तिकडे गेलास ना? मग तिकडेच जा." इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये रस्त्यावर, अक्षरशः, कारण शेवटी बोलणी झाली ती अशीच. दोघे आपापल्या दारात आणि मी पांढऱ्या पट्ट्यावर. लेआर्को म्हणे, "त्याला सांग, टायर मी मागवतो, बसवायचे त्यानं." मी वळून सांगायचं. (ऐकू सगळ्यांना येत होतं.) इयादेर म्हणे, "त्याला सांग, मागवताना माप नीट बघ म्हणावं, त्याला लहानपणापासून रेषा दिसत नाहीत." मी वळून, शेवटचा भाग गाळून सांगायचं. लेआर्को म्हणे, "गाळलंस ते पण ऐकलं मी." अशी पाऊण तास मध्यस्थी केली. गुडघ्याचं त्या दिवसापासून जास्त झालंय.

तर ताई, टायर मागवले लेआर्कोनं, आठ आठवड्यांनी परवा आले, आणि काल इयादेरनं ते बसवले, बॅलन्सिंग केलं, वॉल्व्ह नवीन घातले. गाडी ट्रॅक्टरनं ओढत त्याच्या दुकानात नेली आहे. कागदावरचंच माप आहे, फार मऊ नाही, फार कडक नाही, पाद्रीबाबा आणि औषधवाला दोघेही नाराज आहेत, म्हणजे निवड बरोबर झाली असावी. २९ जूनला अजून वीस दिवस आहेत. तुझं काम तुझ्या इच्छेप्रमाणे झालं. लेकीला आशीर्वाद, जावयाला रामराम म्हणावं.

तुझा,
नेरिओ

ता. क. सोबत चेस्टनटच्या मधाची बरणी पाठवतोय. बरणी परत पाठव. मागची अजून आलेली नाही.

ता. क. २. एक लहानशी गोष्ट राहिली. अलाइनमेंट अजून व्हायचंय. असल्या हलक्या गाडीचं करताना सीटवर माणसाइतकं वजन ठेवून करावं लागतं, त्यासाठी इयादेर वाळूची पोती ठेवतो. मी म्हटलं, डावीकडे, स्टिअरिंगपाशी, एक ठेव, नोटरी एकटाच जाईल. (नोटरीसाहेबांनी फोनवर वजन एकशे आठ सांगितलं. इयादेर म्हणाला, तेवढी वाळू नदीतून आणावी लागेल.) तेव्हा त्यानं कपाटातून भाऊजींच्या गाडीचं कार्ड काढलं. त्यावर दर वेळची नोंद आहे, पेन्सिलीनं. डावीकडे व्हानेस, ब्याऐंशी किलो. उजवीकडे पोतं नाही. दर वेळी, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत, उजवीकडे लिहिलंय: "बाई स्वतः बसल्या."

मी ते दोनदा वाचलं. मग इयादेरला विचारलं. तो म्हणाला, "वजनकाट्यावर उभ्या राहायला तयार नव्हत्या. म्हणायच्या, मीच बसते, तू लाव तुझं यंत्र. मागच्या फाटकानं यायच्या." आणि त्यानं मला ते जुने टायर दाखवले. माणूस एकटा चालवतो ना, तेव्हा डावी बाजू जास्त झिजते म्हणे. हे चारही थोडेच झिजलेत, पण अगदी सारखे. तो एकतीस वर्षं कुणाला बोलला नाही, आणि मलाही बोलला नसता, पण उजवीकडे काय ठेवायचं ते त्याला खरोखरच ठरवता येईना. गुरुवारची बस दुसऱ्या थांब्यावर, अक्रोडाच्या झाडाखाली, अर्धा मिनिट जास्त का थांबायची याचं मला कायम आश्चर्य वाटायचं. मी समजत होतो ड्रायव्हर लघवीला उतरतो. उतरायचीस तू. ताई, मी तुझा सख्खा भाऊ, घराला घर लागून, आणि मला पत्ता नाही. जरा राग आला. मग गोठ्यात जाऊन बसलो, तर तिथे गाडी नव्हती, आणि राग गेला. सहा वर्षं तू तिला बघायला सुद्धा का आली नाहीस ते तेव्हा समजलं.

ता. क. ३. तेव्हा मुख्य विनंती, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं. तुझं आत्ताचं वजन कळव. खरं कळव, लेकीला सांगतेस ते नको. लिहायला संकोच वाटत असेल तर स्वतः ये. स्टेशनवरून वर येणारी गुरुवारची बस अजून त्याच वेळेला आहे. गावात यायची गरज नाही, अलीकडच्या थांब्यावर उतर. झाड आहे अजून. तिथून मी टेम्पोनं मागच्या फाटकाशी आणतो. कुणाला दिसणार नाही आणि तुझा शब्द मोडणार नाही. इयादेर म्हणाला, नवे टायर पहिले दोनशे किलोमीटर हळू चालवावे लागतात. मला हळूच चालवता येते.

ता. क. ४. नोटरीसाहेबांना मी सध्या कळवलंय की टायर कुठेच मिळत नाहीत.